शेजारची सीट

शैलेंद्र, किल्ली देतो रे. नाही म्हटलंय का मी? पण बस जरा खाली. एवढ्या रात्री काही तुला क्लच शिकायचा नाहीये. आणि सुमेधा, तो नकाशा घडी घालून ठेव. आल्प्स कुठे पळून जात नाहीत.

लग्नाला वर्ष नाही झालं, पीएच.डी.चा अजून पत्ता नाही, आणि निघाले म्युनिकपासून स्वित्झर्लंडपर्यंत ड्राइव्ह करायला. दोघंच. जा बाबांनो, तरुण आहात. आम्ही नायगारा केला आणि तेवढ्यावर धन्य झालो. हो गं लता, माहितीये मला, तुझ्या मनात अजून सलतंय ते. ऐकू दे पोरांना, मी कुठे लपवतोय?

तिकडे स्वस्तातली भाड्याची गाडी म्हणजे स्टिक शिफ्टच, हाताने गीअर बदलायची, मिळते, हे तुझं खरं. आणि इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या आपल्या लोकांत स्टिक शिफ्ट ह्या पुरुषोत्तमकाकाकडेच आहे, हेही खरं. म्हणून तुझ्याआधी आणखी एकजण माझी ती रॅबिट गाडी शिकायला घेऊन गेला होता. ह्याच कामासाठी. हेच डोंगर, हेच कॅसल. ते आधी ऐका आणि मग किल्ली न्या. सीमा, तू वर जा झोपायला. काय म्हणालीस? ‘आय ॲम ट्वेल्व्ह, बाबा’? बरं, बस. पण रात्री आईच्या पांघरुणात शिरायला यायचं नाही.

तर प्रताप. माझा मित्र, मूळचा भोरचा, इथे एका औषधांच्या कंपनीत केमिकल इंजिनियर. साधा, सरळ माणूस. खोटं बोलायला थोडी कल्पनाशक्ती लागते, ती देवाने त्याला दिलेलीच नाही. म्हणून मी सांगतो ते पदरचं घालून सांगत नाही. त्याने आणि त्याच्या बायकोने ह्याच सोफ्यावर बसून जे सांगितलं, तेवढंच.

त्याची पहिली बायको सुलभा. आम्ही तिला बघितलेली. हे दोघं दर सुट्टीत गाडी काढून निघायचे. कधी मेनचा समुद्रकिनारा, कधी स्मोकी माउंटन्स. हा ड्रायव्हर, आणि ती शेजारच्या सीटवर मांडी घालून, मांडीवर नकाशा पसरून. रस्ता सांगावा तर तिने. तो म्हणायचा, माझं काम फक्त चाक फिरवायचं. आणि तिचं एकच वेड, एकदा आल्प्समधून ड्राइव्ह करायचा, एकेक कॅसल बघत. ग्रुप नको, बस नको, दोघंच. सगळं ठरत आलं होतं आणि ती आजारी पडली. वर्षभरात गेली.

पुढे आईने घोशा लावला म्हणून प्रतापने दुसरं लग्न केलं. रुपाली. मिरजेची पोरगी, एम.एस्सी. झालेली, हुशार, दिसायला छान. पण मत्सर... अरे बापरे. आणि तिची चूक म्हणू नका. जिवंत सवत असती तर दोन हात करता आले असते, मेलेलीशी भांडायचं कसं? ती म्हातारी होत नाही, तिचा स्वयंपाक बिघडत नाही, ती कधी तिरसटपणा करत नाही. दिवसेंदिवस चांगलीच होत जाते.

त्यातून सासूने लग्नातच तिच्या गळ्यात सवतीचा टाक घातला होता. सुमेधा, तू ऐकलं असशील. सीमा, तुला सांगतो. पहिली बायको वारली असेल तर दुसरीने तिच्या नावाचा चांदीचा छोटा पत्रा गळ्यात घालायचा. त्याच्यावर बाईची आकृती उठवलेली असते. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. गोडधोड केलं तर आधी तिला दाखवायचं. थोडक्यात, बाई, तुझा मान पहिला. नाऊ, डोंट मेक दॅट फेस. जुनी माणसं वेडी नव्हती.

रुपाली तो घालायची. सासूच्या शब्दाखातर घालायची, पण धुसफुसत. लताला म्हणायची, “काकू, अमेरिकेत येऊन मी हिला गळ्यात बांधून ऑफिसला जाते.”

मग ८४ च्या हिवाळ्यात प्रतापच्या डोक्यात पुन्हा युरोप आला. बिचाऱ्याला वाटलं, बायको खूष होईल. डायनिंग टेबलवर नकाशा पसरला. हे इतकं मोठं जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड. रोज जेवणं झाली की दोघं त्याच्यावर वाकून बसायची. आणि ह्या बावळटाला अक्कल बघा. हा बोट ठेवणार आणि म्हणणार, “सुलूला ह्या तळ्याकाठी राहायचं होतं.” पुढे सरकणार. “हा घाट सुलूने वाचून ठेवला होता.” रुपालीच्या अंगाचा नुसता तिळपापड. तिला तो सुलू म्हणायचा ना, आणि हिला मात्र अख्खं रुपाली. तेही तिला डाचायचं.

एकदा तर माझ्यासमोर फाडकन बोलली. “मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं चाललंय तुमचं.” प्रतापने मान नकाशात घातली. मीही चहात तोंड घातलं.

पण जिद्दीची पोरगी. सुलभाने जे जे ठरवलेलं, ते ते हिने खोडलं. ती म्युनिकहून सुरू करणार होती, तर ही झुरिकहून. तिला तळं, तर हिला डोंगरमाथा. आणि नकाशा वाचायला अशी शिकली म्हणता, की ग्रोसरीला निघाली तरी मांडीवर न्यू जर्सीचा नकाशा. प्रतापला रस्ता पाठ असला तरी ही सांगणार, आता राइट, आता लेफ्ट. तिला ती शेजारची सीट जिंकायची होती. बाकी तिला काही नको होतं. ना कॅसल, ना बर्फ.

आता त्या दिवसाचं ऐका. १८ मे १९८५, शनिवार. तिथीने वैशाख वद्य चतुर्दशी, म्हणजे अमावास्येची आदली रात्र. संध्याकाळी दोघं माझ्याकडे आली. एडिसनला नरेंद्र म्हणून एक ट्रॅव्हल एजंट होता, घरूनच धंदा करायचा. त्याच्याकडून युरोपची तिकिटं आणायची होती. जाता येता स्टिक शिफ्टची प्रॅक्टिसही होईल म्हणून रॅबिट न्यायची. साधं काम.

रुपाली नवी साडी नेसली होती, मोरपंखी. लता तिला म्हणाली, छान दिसतेस गं, टाकाला लावलीस ना? तर ती तरातरा आत गेली. आमचं देवघर त्या वरच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी. गळ्यातला टाक काढला आणि ठेवला तिथे. म्हणाली, “नाही लावली. काकू, हा इथे राहू दे आजच्या दिवस. आज तिकिटं आणायची आहेत. आज आम्ही दोघंच जाणार.”

लताला बरं नाही वाटलं. ती म्हणाली, “अगं, असं गळ्यातनं काढून दुसऱ्याच्या घरी ठेवू नये.” पण ऐकते कोण. ही टणाटण जिने उतरून गेली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. प्रतापने आमच्या ड्राइव्हवेतच तीनदा गाडी बंद पाडली. मी वरून बघत हसत होतो.

नरेंद्रने त्यांना जेवू घालूनच सोडलं. निघायला साडेदहा झाले. २८७ नंबरचा हायवे धरून सरळ उत्तरेला यायचं, रस्ता डोळे मिटून येण्यासारखा. रुपाली मजेत होती. पर्समध्ये तिकिटं, मांडीवर नकाशा. तिने मनाशी म्हटलं, झाली ट्रिप माझी.

पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती ही, की गाडी फार सुरेख चाललीय. जाताना प्रत्येक सिग्नलला आचके देणारा प्रताप, आता गीअर कसे लोण्यासारखे पडत होते. तिने कौतुक केलं. तो हसला. पण तिच्याकडे बघून नाही हसला. जरा... अलीकडे बघून हसला.

मग पार्सिपनीची एक्झिट आली आणि गेली.

ती म्हणाली, “अहो, एक्झिट गेली.”

तो म्हणाला, “हो गं, कळलं. तू म्हणशील तसं.”

तिला वाटलं, चेष्टा करतोय. म्हणाली, मी कुठे काय म्हटलं? तेव्हा २८७ पुढे माँटव्हिलला संपायचा. तिथून सगळे बारके रस्ते, डोंगराचे, झाडीतले. हा हायवेवरून उतरला. सिग्नलला थांबला. मान जराशी तिरकी केली, कोणी कानाशी बोलत असलं की करतो ना आपण, तशी.

“लेफ्टला ना?” म्हणाला. थोडा वेळ गेला. “बरं.” आणि वळवली.

रुपालीने नकाशावर टॉर्च धरला. रस्ता सापडेना. ती म्हणाली, “थांबवा गाडी, मी बघते नीट.” त्याला ऐकूच गेलं नाही. गाडी चढाला लागली. घरं संपली. दिवे संपले.

आणि मग तो म्हणाला...

“सुलू, काच वर करू का? वारा लागतोय तुला.”

आता खरं सांगतो, ती तेव्हा घाबरली नाही. तिला राग आला. असा राग, की कानशिलं तापली. तिने ओरडून सांगितलं, “मी रुपाली आहे.” तो बोलतच राहिला. मध्ये थांबायचा, ऐकायचा, हसायचा, पुन्हा बोलायचा. सुलू, आठवतं का तुला. सुलू, थर्मास आणलायस ना. ती दुसरी बाजू हिला ऐकू येत नव्हती. फक्त ह्याची येत होती. रात्री लताच्या गळ्यात पडून ती आधी हेच बोलली. भूत बघितलं, असं नाही म्हणाली. म्हणाली, “काकू, त्या आवाजात ते माझ्याशी दोन वर्षांत एकदाही बोलले नाहीत.”

मग त्याने गीअरवरचा हात उचलला. शेजारी नेला. हिला वाटलं, आपला हात धरतोय. हिचे हात मांडीवर होते, नकाशाखाली. त्याचा हात तिथवर आलाच नाही. वीतभर वर थांबला. हवेत. बोटं मिटली त्याची. कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

“किती गार पडलेत गं,” म्हणाला.

तेव्हा तिला मांडीवर वजन जाणवलं.

आधी थोडं. नकाशाचं असावं इतकं. मग जास्त. मग... अख्ख्या माणसाचं. मांड्या दाबल्या गेल्या. नकाशा चुरगळला, आपोआप. छातीवर रेटा आला. कोणीतरी पाठ टेकत होतं. सावकाश. ऐसपैस. आपल्या हक्काच्या जागी बसल्यासारखं.

तिला ओरडायचं होतं. दातखीळ बसली होती.

रस्ता संपला. पुढे माती. मग तीही संपली. हेडलाइटमध्ये दगडी भिंत दिसली, एक मनोरा, बिनकाचेच्या खिडक्या. कोणा श्रीमंताने कधीकाळी बांधलेला आणि मग जळालेला बंगला. इकडच्या डोंगरात असे आहेत एक-दोन. लोक त्यांना कॅसलच म्हणतात.

“पोचलो,” प्रताप म्हणाला. गाडी बंद केली. दिवे तसेच. उतरला. पुढून वळसा घालून हिच्या बाजूला आला. दार उघडलं. त्याने आजवर हिच्यासाठी दार कधी उघडलं नव्हतं, हे तिला त्याही वेळी टोचलं. हात पुढे केला.

हिच्याकडे नाही...

मांडीवरचं वजन उठलं.

तो चालू लागला. हात बाजूला धरलेला, मुठीत काही नाही. दिव्याच्या उजेडात सावली एकच. पण चालताना तो जरा जागा सोडून चालत होता. शेजारच्या माणसाला वाट देत. भिंतीत एक मोठं भगदाड होतं. आत काळोख. तिकडे.

रुपालीला कसाबसा आवाज फुटला. “अहो!”

तो थांबला. तिला वाटलं, ऐकलं. त्याने मान वळवली... ती बाजूला. शेजारी. खाली वाकून म्हणाला, “काय गं?”

तिने पुन्हा हाक मारली. “अहो...”

“अगं, बोल ना,” तो म्हणाला. त्याच हवेला.

मग तिच्या लक्षात आलं. सुलभाही त्याला अहोच म्हणायची. दोघींची हाक एकच. आणि पहिली जी होती ती पहिलीच. अशी कितीही वेळा हाक मारली तरी ती त्या पहिलीच्याच खात्यावर जमा होणार.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. एम.एस्सी. झालेल्या ह्या पोरीने लग्नातल्या उखाण्यापलीकडे ते कधी उच्चारलं नव्हतं, आणि सुलभानेही नाही. तो भगदाडापाशी पोचला होता. एक पाय आत टाकला.

“प्रताप!”

बेंबीच्या देठापासून ओरडली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याचा तो बाजूला धरलेला हात खाली पडला.

तो तिथेच उभा राहिला. मग वळला. हिच्याकडे. आणि अगदी त्याच्या नेहमीच्या, खेकसल्यासारख्या आवाजात म्हणाला, “रुपाली? आपण कुठे आलोय?”

ती सांगते, एवढा गोड आवाज तिने जन्मात ऐकला नाही.

परतीला त्याला गीअर पडेनात. सगळा रस्ता गाडी आचके खात आली. आमच्या ड्राइव्हवेत हॉर्न वाजला तेव्हा दोन वाजून गेले होते. प्रताप ह्याच सोफ्यावर बसला, पांढराफटक. त्याला काही आठवत नव्हतं. एकच म्हणत होता, “मला वाटलं, रुपालीच रस्ता सांगतेय. फार छान सांगत होती.” रुपाली बसली नाही. थेट वर गेली, कपाट उघडलं, टाक घेतला, गळ्यात बांधला. गाठीवर गाठ मारली. तेव्हा लता तिला म्हणाली, “गळ्यात जागा होती तोवर तिला गाडीत जागा लागत नव्हती गं. तू तिला गळ्यातनं काढलीस, मग ती बसणार कुठे?”

तर गेली का मग ती दोघं युरोपला? गेली तर. जूनमध्ये गेली. झुरिकहून नाही, म्युनिकहून. त्या तळ्याकाठी राहिली, तो घाटही केला. रुपालीने सगळा रूट पुन्हा सुलभाच्या मनासारखा करून घेतला. शेजारच्या सीटवर बसली, नकाशा वाचला, आणि प्रत्येक कॅसल आला की म्हणे गळ्यातला टाक बाहेर काढायची. “बघ बाई, तुझा मान पहिला.” काही झालं नाही. परत आल्यावर आम्हाला स्लाइड्स दाखवून दाखवून जीव घेतला. शैलेंद्र, तू विचारतोस मत्सर गेला का? अरे, मत्सर कधी जातो? फक्त तिने त्याच्याशी राहायला शिकून घेतलं. तो तिला अजून रुपालीच म्हणतो. आणि ती त्याला आता सरळ प्रताप म्हणते, चारचौघांत. सासू भोरला कपाळ बडवते.

आता एकच राहिलं, ते सांगतो आणि झोपायला जा.

त्या रात्री दोघं आली, तेव्हा मी आणि लता खाली दारात गेलो होतो. पोर्चचा दिवा लावला. प्रताप आधी उतरला. मग रुपाली उतरायला गेली, पदर सावरत, मांडीवरचा तो चुरगळलेला नकाशा बाजूला करत. ती उभी राहिली आणि काहीतरी बारीक टपटपलं. ड्राइव्हवेच्या सिमेंटवर.

तांदूळ.

तिच्या ओच्यातून पडत होते. थोडेसेच. कुंकू लागलेले. लताने वाकून चिमूटभर उचलले, नाकाशी नेले आणि माझ्याकडे बघितलं. आंबेमोहर. त्या वर्षी सबंध न्यू जर्सीत आंबेमोहर मिळत नव्हता हो, आम्ही सगळे ते लांबडे टेक्सासचे तांदूळ खायचो. सुलभा वारली ती भोरला, सासरी. सवाष्ण गेली म्हणून सासूने तिला हिरवी साडी नेसवली आणि घरच्या तांदळाने तिची ओटी भरून मग तिला उचलली. हे आम्हाला प्रतापने त्या पहाटे सांगितलं. रुपालीला ते तोवर ठाऊकच नव्हतं.

रुपाली त्या दाण्यांकडे बघत राहिली. रडली नाही. लताला एवढंच म्हणाली, “काकू, ओटी घेऊन निघताना बाई तिच्यातले चार दाणे मागे ठेवते ना?”

लताने नुसती मान हलवली. आताही बघा, हलवतेय.

काय गं सीमा? ‘व्हाय?’

...त्या घरी परत यायचं असतं, बाळ. म्हणून ठेवते.